हाक न ऐकणारं लुगडं

शिवलेलं पोलकं अंगाला होत नाही, ही तक्रार आमच्या घराला नवी नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चाळीस वर्षं धामणगाव बढ्यातल्या बायकांची पोलकी शिवत आल्या. कुणी बाळंतपणानंतर उसवायला आणून देते, कुणी दुखण्यातून उठली की आत घ्यायला. पण गेल्या महिन्यात जी तक्रार आली ती थेट ब्राझीलहून आली. आणि ज्या लुगड्याबद्दल आली, ते आजवर कुणी हातात धरलेलं नाही, पुढंही कुणी धरू शकणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई काय कोडं घालते आहे! सांगते.

माझ्या नणंदेची मुलगी दिवाळीपासून आमच्याकडे आहे. वय तेवीस, कॉम्प्युटरचं शिक्षण झालेलं. वैशाखात तिचं लग्न आहे. तोवर मामाकडे राहून काही काम बघते म्हणून आली, ती लॅपटॉप काखेत घेऊनच. दिवसभर डोकं त्यातच. शेजारणी विचारायच्या, "काय करते हो तुमची भाची?" मी आपली सांगायची, "कॉम्प्युटरवर काम करते." खरं म्हणजे मला तरी कुठं ठाऊक होतं!

एकदा चहा द्यायला गेले, तर पडद्यावर एक बाई उभी. जांभळं नऊवारी, कमरेला कमरपट्टा, नाकात नथ. आणि आमची पोरगी तिचा पदर सारखा करत बसलेली.

"ही कोण गं?"

"मामी, हा माझा अवतार."

आमच्या घरी अवतार हा शब्द एकाच वाक्यात येतो, "काय हा अवतार करून घेतलायस!" त्यामुळे मला हसूच आलं. पण शब्द आपलाच, फक्त परदेश फिरून आलेला. १९८०च्या दशकात अमेरिकेत 'हॅबिटॅट' नावाचा कॉम्प्युटरवरचा खेळ निघाला. त्यात पडद्यावरच्या आपल्या माणसाला अवतार म्हणू लागले, आणि पुढं तो शब्द रुळला.

भाची ज्या जगात वावरते त्याचं नाव 'सेकंड लाइफ'. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडेन लॅब या कंपनीनं ते २३ जून २००३ रोजी सर्वांना खुलं केलं. त्याला खेळ म्हणावं, तर त्यात जिंकणं-हरणं नाही. माणसं आपापला अवतार घेऊन तिथं जातात, घरं बांधतात, गाण्याच्या मैफली भरवतात, लग्नंसुद्धा लावतात. तिथल्या बहुतेक वस्तू तिथं येणारी माणसंच बनवतात आणि विकतात. तिथलं चलनही वेगळं, लिंडेन डॉलर. अडीचशेच्या आसपास लिंडेन म्हणजे एक अमेरिकन डॉलर. भाचीनं आपल्या नऊवारीची किंमत ठेवली होती तीनशे लिंडेन. मी मनातल्या मनात हिशेब केला. शंभर रुपयांच्या आसपास. पण कापड लागत नाही, दोरा लागत नाही, आणि एकदा केलेलं लुगडं हजार जणींना विकता येतं. म्हटलं, धंदा वाईट नाही.

पहिलं लुगडं विकलं गेलं त्या रात्री तिनं सगळ्यांना पेढे दिले. आणि तिसऱ्या दिवशी ती तक्रार आली.

तक्रार कळायला आधी ते लुगडं कसं असतं ते सांगायला हवं. तिथल्या अवतारांचेही बांधे निरनिराळे. कुणी किडकिडीत, कुणी थोराड. अंगावरचं मुख्य लुगडं अवताराच्या सांगाड्यालाच जोडलेलं असतं, ते शरीराबरोबर हलतं. पण भाचीनं पदर आणि कमरपट्टा सुट्या तुकड्यांचे केले होते. चौदा तुकडे एकमेकांना जोडलेले. ते लहानमोठे करावे लागतात. आता विकत घेणारीनं त्यात हवे तसे फेरफार केले, तर उद्या तीच आपलं म्हणून विकायला बसेल. म्हणून लुगडं कुलूपबंद ठेवायचं आणि त्याच्या आत एक स्क्रिप्ट घालून द्यायची. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला कळेल अशा भाषेत लिहिलेली कामांची यादी. कमरपट्ट्याला हात लावला की मेनू उघडतो. त्यात बटणं असतात, 'थोडं मोठं', 'थोडं लहान', 'मूळ माप'. बटण दाबलं की चौदाही तुकडे एका प्रमाणात वाढतात किंवा कमी होतात.

मी हे आत्याबाईंना समजावून सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "म्हंजे आतून माया सोडेल हाय म्हन की!"

अगदी बरोबर. पोलकं शिवताना कडेला आत दोन बोटं कापड राखतात, त्याला माया म्हणतात. अंग भरलं की ती सोडायची.

तर ब्राझीलच्या बाईंचं म्हणणं असं, की मेनू उघडतो, बटण दाबलं जातं, पण होत काहीच नाही. पदर मोठा होत नाही की लहान होत नाही. रविवारी त्यांच्या मैत्रिणीचं तिथल्या जगात लग्न होतं, त्याला त्यांना हे लुगडं नेसायचं होतं. तोवर दुरुस्त झालं नाही, तर पैसे परत करा आणि खाली वाईट शेराही लिहीन, असं त्यांनी नम्रपणे कळवलं होतं. तो दिवस शुक्रवार.

भाचीचा चेहरा उतरला. शंभर रुपयांसाठी नव्हे. मुलाकडच्यांशी बोलणी चालली होती तेव्हा तिनं मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "मी स्वतः कमावते." पहिलीच गिऱ्हाईक अशी परत गेली तर त्या सांगण्याला अर्थ काय राहिला?

रात्री जेवणं झाली, ओटा पुसला. आमचे हे झोपले. मी शाळेचे पेपर तपासायला घेतले. आठवड्यातून चार दिवस मी एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. पोरगी शेजारी बसून खटाखटा काहीतरी बदलत होती आणि हळूहळू रडकुंडीला येत होती.

"एका वेळी किती गोष्टी बदलतेस?" मी विचारलं.

"सुचेल ते सगळं."

"मग कशानं बरं झालं ते तुला कळणार कसं? कुकरची शिट्टी होत नाही म्हणून आपण रबर, शिट्टी आणि झाकण तिन्ही एकदम बदलतो का? आधी रबर बघतो."

ती गप्प झाली. मग आम्ही दोघींनी माझ्या वहीच्या मागच्या पानावर शंका लिहून काढल्या. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण विचारायला काय जातं?

पहिली शंका, तुकडे फार लहान तर नाहीत? तिथं अशा तुकड्याची कुठलीही बाजू एक सेंटिमीटरहून कमी करता येत नाही. कमरपट्ट्याचे मणी त्या मर्यादेला टेकले असतील तर ते लहान होणार नाहीत. पण मग मोठे तरी व्हायला हवे होते. तेही होत नव्हते. शंका खोडली.

दुसरी शंका, जागा. त्या जगात जागेचे मालक असतात, आणि काहीजण आपल्या जागेत परक्यांच्या स्क्रिप्ट चालू देत नाहीत. भाचीनं ब्राझीलला विचारलं. बाईंनी तीन ठिकाणी जाऊन पाहिलं होतं. शिवाय मेनू उघडतो आहे, म्हणजे स्क्रिप्ट जागी आहे. हीही खोडली.

तिसरी शंका, लुगडंच बिघडलं असेल. भाचीनं आपल्या अवताराला नेसवलं. बटण दाबलं, मोठं झालं. पुन्हा दाबलं, लहान झालं. गुणी बाळासारखं.

"माझ्याकडे चालतं गं मामी! तिच्याकडेच चालत नाही."

"मग तुझ्यात आणि तिच्यात फरक काय?"

"ती उंच आहे."

"आणखी?"

"ती ब्राझीलची."

"लुगड्याला काय कळतं गं ब्राझील! लुगड्याच्या दृष्टीनं फरक काय?"

पोरगी क्षणभर माझ्याकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "तिच्याकडे ते तिच्या मालकीचं आहे."

पुण्याची तिची एक मैत्रीण अजून जागी होती. तिला एक लुगडं पाठवलं. तिच्याकडेही तेच. मेनू उघडतो, बटणाला उत्तर नाही. म्हणजे लुगडं करणारणीकडे चालतं आणि हातून गेलं की बहिरं होतं. ही स्क्रिप्ट भाचीनं कुठून तरी फुकट मिळालेली घेतली होती. आता ती एकेक ओळ मोठ्यानं वाचून मला अर्थ सांगू लागली, आणि सांगता सांगताच तिला चूक सापडली.

स्क्रिप्टमध्ये लिहिलं होतं, 'पहिल्यांदा जागी होशील तेव्हा तुझी मालकीण कोण ते बघ आणि फक्त तिच्याच आवाजाला कान लाव.' हे काम एकदाच होतं, लिहून जतन केल्याबरोबर. तेव्हा मालकीण होती भाची. पुढं लुगडं विकलं गेलं, पण स्क्रिप्ट काही नव्यानं जन्माला येत नाही. ती आपल्या सगळ्या आठवणी घेऊन तशीच नव्या घरी जाते. हात लावल्यावर मेनू कुणाला दाखवायचा हे ती त्या क्षणी पुन्हा विचारते, म्हणून मेनू नव्या मालकिणीला दिसतो. बटण दाबल्यावर मात्र त्याचा निरोप हाकेसारखा जातो. आणि कान? तो अजून जुन्या मालकिणीकडेच लावलेला.

"म्हणजे बघ मामी, ब्राझीलची बाई हाका मारते आहे, आणि लुगड्याला ऐकूच जात नाही. मुद्दाम नाही करत ते. त्याचा कान इथंच राहिलाय."

माझ्या हातातला लाल पेन तसाच थांबला.

मैत्रिणींनो, चौदा वर्षांपूर्वी मी खामगावहून या घरात आले. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरले आणि ह्यांनी अंगठीनं त्यात माझं नवं नाव लिहिलं. माहेरचं नाव चार अक्षरांचं, हे दोन अक्षरांचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही लाजून हसले. पुढं बी. ए.च्या कागदांवर एक नाव आणि आधारवर दुसरं, म्हणून राजपत्रात नाव छापून आणण्याची यातायात झाली, तेव्हा त्या दोन अक्षरांचं वजन कळलं. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, हेही मला तेव्हाच कळलं. पण ते नंतरचं.

पहिल्या महिन्यातली गोष्ट. मी मागच्या अंगणात कपडे धूत होते. आत्याबाई पुढच्या खोलीत मशीनवर होत्या. मशीनची सुई त्यांच्या बोटातून आरपार गेली. त्यांनी मला हाक मारली. एकदा नव्हे, चारदा. ती दोन अक्षरं माझ्या कानावर पडली असतीलच. पण कुणीतरी कुणाला तरी बोलावतं आहे, एवढंच मला वाटलं असावं. मी वळलेही नाही. शेजारच्या काकू धावत आल्या आणि त्यांनी चाक उलटं फिरवून सुई काढली.

आठ दिवस आत्याबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. नंतर बोलू लागल्या, पण मधे एक गाठ बसली ती बसलीच. पाहुण्यांसमोर त्या म्हणायच्या, "आमची सून लय शांत हाय. हाक देल्ली तरी येत नाई." लोक हसत. मला समजत होतं, त्यात हसण्यासारखं काही नाही. मी कधी खुलासा केला नाही. काय सांगणार? माझं नाव मलाच ऐकू आलं नाही, हे कुणाला खरं वाटणार?

त्या रात्री भाचीला मी हे सगळं सांगितलं. आत्याबाई पलीकडच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या. निदान आम्हांला तसं वाटलं.

भाचीनं डोळे पुसले आणि कामाला लागली. तिच्या पुस्तकी ज्ञानाप्रमाणे उपाय सोपा होता. स्क्रिप्टला सगळं विसरायला लावायचं, त्याला रीसेट म्हणतात. तिनं एक ओळ घातली, की लुगडं नेसलं जाईल तेव्हा सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात कर. पुण्याच्या मैत्रिणीला पाठवलं. बटण चाललं! आम्ही दोघी टाळ्या पिटणार तेवढ्यात मैत्रिणीचा निरोप आला. तिनं पदर दहा टक्के लहान केला, लुगडं उतरवलं, पुन्हा नेसलं आणि 'मूळ माप' दाबलं. काहीच झालं नाही. दर वेळी नेसताना स्क्रिप्ट सगळं विसरत होती. मग समोर जे लहान माप दिसेल तेच तिला मूळ वाटत होतं.

"म्हणजे कान आला, पण माप गेलं," मी म्हटलं.

"हो ना. सगळं पुसून कसं चालेल?"

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. "पुसता कायले? पहिलं माप ठेवा अन् कान तेवढा फिरवा."

आम्ही दोघी दचकलोच. आत्याबाई उठून बसल्या होत्या.

आणि मैत्रिणींनो, नेमकं तेच करायचं होतं. मालकी बदलली की स्क्रिप्टला त्याची वर्दी मिळते. ती मिळाली की जुन्या मालकिणीला लावलेला कान काढायचा आणि नव्या मालकिणीला लावायचा. बाकी आठवणींना हातही लावायचा नाही. चौदा तुकड्यांची मूळ मापं, त्यांच्या जागा, सगळं तसंच. तीनचार ओळींचं काम. भाचीनं आणखी एक सुधारणा केली. आधी कान चोवीस तास उघडा होता, त्याचा तिथल्या यंत्रणेवर उगाच भार पडतो. आता मेनू उघडला की कान उघडतो आणि थोड्या वेळानं मिटतो. आत्याबाईंना ते फार पटलं. "सदा कान टवकारून बसनं घरासाठी बी बरं नाई," त्या म्हणाल्या.

या वेळी पुण्याच्या मैत्रिणीनं सगळं करून पाहिलं. मोठं, लहान, उतरवणं, नेसणं, मूळ माप. सगळं बरोबर. रात्रीचा दीड वाजला होता. नवं लुगडं ब्राझीलला रवाना झालं. आपण केलेली वस्तू आधी दुसरीच्या हाती देऊन तपासायची आणि मगच विकायची, हा धडा भाचीनं माझ्या वहीच्या त्याच पानावर लिहून ठेवला.

ती झोपायला गेली. मी दिवा घालवायला वळले, तर आत्याबाई तशाच बसलेल्या.

"म्हंजे तवा तुले आयकूच आलं नव्हतं?"

"नाही आत्याबाई."

त्यांनी आपलं उजव्या हाताचं बोट अंगठ्यानं चोळलं. तिथं सुईचा बारीक डाग अजून आहे. "मले वाटलं, तू मुद्दामच आली नाई. चवदा वर्सं मले तसंच वाटत व्हतं." मग आडव्या होत म्हणाल्या, "सांगाचं ना वं मंग."

रविवारी ब्राझीलच्या बाईंनी लग्नातला फोटो पाठवला. जांभळं नऊवारी, पदर अंगासरशी बसलेला, आणि शेजारी परीच्या पंखांची एक नवरी! आत्याबाईंनी चष्मा लावून कमरपट्टा निरखला आणि "बसला नीट" असा शेरा दिला. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी मी तरी ऐकलेली नाही.

भाचीच्या लग्नाच्या बैठकीत नाव बदलायचं ठरलंच होतं. "आमच्यात पद्धत आहे," असं मुलाची आई म्हणाली होती आणि आपल्या बाजूनं सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. आत्याबाईंनीही. सोमवारी त्यांनी स्वतः माझ्या नणंदेला फोन लावायला सांगितला. "पोट्टीले इचारलं का कोनी?" एवढंच त्यांनी विचारलं. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. मुलाकडून अजून होकार नाही, नकारही नाही. नणंद म्हणते, उगाच काही काढू नका. भाची म्हणते, मी स्वतः त्याच्याशी बोलेन. बघू या. वैशाखाला अजून अवकाश आहे.

पण एक सांगायचं राहिलं. त्या सोमवारी संध्याकाळी आम्ही सासू-सून अंबाडीची भाजी निवडत बसलो होतो. मधेच आत्याबाईंनी विचारलं, "तुह्यं माहेरचं नाव काय होतं वं?"

मी सांगितलं. चार अक्षरं. या घरात ती मी इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारली.

आत्याबाईंनी ती हळूच म्हणून पाहिली, भाजीचं मीठ चाखून पाहावं तशी. "चांगलं हाय," त्या म्हणाल्या.

मग नेहमीच्या दोन अक्षरी नावानं त्यांनी मला हाक मारली. "चाल, कुकर लाव. पोरं येतीन आता."

मी उठले. हाक मला पहिल्यांदाच ऐकू आली होती.